जाळरेषेच्या अलीकडे

फाल्गुन सरायला लागला की कागलच्या बाजूनं धूर येतो. साखर कारखान्यांचा हंगाम आटपत आलेला असतो, ऊस तुटून गेलेल्या रानांत पाचट पेटवलेलं असतं, आणि उतरत्या दुपारच्या वाऱ्याबरोबर तो गोडसर करपट वास थेट शहरात शिरतो. आमच्या इमारतीतल्या बायका नाकाला पदर लावून खिडक्या ओढून घेतात. मी मात्र हातातलं काम टाकून गच्चीवर जाते. बोट ओलं करून वर धरते. वारा कुठून आहे, त्याला जोर किती आहे, धुराचा रंग पांढरा आहे की पिवळट, हे सगळं बघून झाल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही.

अव्वा, म्हणजे माझी आई, आता माझ्याजवळच असते. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या जैन घरातला नेम ती शहरातही सोडत नाही. जिन्यात उभी राहून ती हाक मारते, "पद्मा, जेवायला ये की. शेतातला धूर हाय त्यो. तुझ्या जंगलातला न्हवं."

"आलो गं अव्वा," मी म्हणते, आणि तशीच उभी राहते.

मी वनखात्यात आहे. हल्ली वनपाल म्हणून शहरातल्या कचेरीत बसते. कुणाच्या विहिरीत साळिंदर पडलं, कुणाच्या उसात गवा शिरला, असे फोन घेते. पण माझी पहिली नेमणूक राधानगरीच्या वरच्या अंगाला, अभयारण्यात झाली होती. तिथला एक उन्हाळा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. धुराचा वास आला की तो सगळाच्या सगळा परत येतो. कान आपोआप मागं, डोंगराकडं लागतात.

*

पावसाळ्यात ते रान ज्यांनी पाहिलंय त्यांना उन्हाळ्यातलं पटत नाही. जूनपासून तिथं नुसतं पाणी असतं. कपडे वाळत नाहीत, माणसं दिसत नाहीत, धुक्यात एकमेकांना हाका मारत चालावं लागतं. त्याच पावसावर सड्यावरचं गवत माणसाच्या छातीला लागतं, आणि तेच गवत माघानंतर वाळून काडेपेटीतल्या काडीसारखं होतं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. भर दुपारी त्याच्यावर उभं राहिलं की बुटाच्या तळव्यातून चटका लागायचा. आणि त्याच्या कडेला खाली दरीत मात्र अंजनीची झाडं निळीजांभळी फुललेली असायची. जांभळाच्या गर्द सावलीत पाणवठा असायचा. त्या सावलीत दिवसभर गवे रवंथ करत बसलेले असायचे.

संस्थानच्या काळी ही राजघराण्याची शिकारीची राखीव रानं होती. पुढं राज्यं गेली, शिकार बंद झाली, सरकारचा फलक लागला आणि ज्या गव्याला मारायला लोक यायचे त्याला सांभाळायला आम्हाला पगार मिळायला लागला. बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारनं नकाशावर एक रेघ मारली आणि आतलं सगळं आपोआप वाचलं. नकाशावरची रेघ एकदाच मारावी लागते. जमिनीवर ती दरवर्षी नव्यानं काढावी लागते, कोयत्यानं आणि आगीनं. थंडी सरता सरता, गवतात थोडी ओल असताना, वाटेच्या कडेचा पट्टा कापायचा आणि माणसं उभी करून जाळून काढायचा. त्या काळ्या उघड्या पट्ट्याला आम्ही जाळरेषा म्हणतो. उन्हाळ्यात वणवा आलाच तर तिथवर येऊन त्यानं उपाशी मरावं, एवढाच तिचा उपयोग.

हे काम मी पहिल्यांदा फोनवर सांगितलं ते आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना. पावसाळ्यात रस्त्यावरच्या गोगलगायी उचलून बांधावर ठेवणारा माणूस. ते म्हणाले, "जाळताना किडामुंगी किती जात असंल गं?"

"जाळलं न्हाय तर सगळंच जातंय अण्णा."

"व्हय, ते बी खरंच," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात खरं काहीच नव्हतं.

त्या वर्षी आमची जाळरेषा वेळेवर झाली होती. नंतर अवकाळी पाऊस आला, दोन-चार दिवस चांगला बरसला, आणि काळ्या पट्ट्यावर हिरवं पुन्हा उगवलं. आम्ही बघत होतो. ते वाढलं, पिवळं पडलं आणि वाळलं. परत कापायला माणसं कमी होती आणि दिवस त्याहून कमी. पश्चिमेकडचा मोठा तुकडा तसाच राहिला. रोज सकाळी मी त्या तुकड्यावरून चालायची तेव्हा बुटाखाली गवत कुरकुर वाजायचं, आणि तो आवाज दिवसभर दातांत अडकून राहायचा.

*

त्याच बाजूला वाडी होती. धनगरांची मूठभर घरं, दगडी गोठे, फणसाची झाडं, एका जांभळाखाली शेंदूर लावलेला देव. फलक लागायच्या कितीतरी आधीपासून ती माणसं तिथं होती. म्हशी राखायची, दूध खाली घाटाच्या रस्त्याला नेऊन गाडीला घालायची, नाचणी पेरायची. पेरलेल्या नाचणीत गवे पडायचे. वाडीत शाळा चौथीपर्यंत, दवाखाना नाहीच. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर घोंगड्याची झोळी करून ओढ्यातून न्यायचं.

हिराक्काचं घर वाटेवरचं पहिलं. पन्नाशीची, काटक, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची म्हैस वळून बघावी. तिच्या नवऱ्याला, ज्ञानूमामाला, गव्यानं कधीतरी मांडीत शिंग घातलं होतं. ते तेव्हापासून पाय ओढत चालत. मी वर्दीत पहिल्यांदा तिच्या दारात उभी राहिले तेव्हा ती म्हणाली होती, "सरकारनं आता पोरी धाडायला सुरू केलंय व्हय? ये. ताक पी. मग काय नोटीस-बिटीस असंल ती दे."

मी ताक प्याले. नोटीस त्या दिवशी नव्हती. पण ती कधीतरी येणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्यामुळं आमच्या बोलण्यात एक सावधपणा कायम राहिला. ती मला करवंदं द्यायची. मी तिच्या म्हशी राखीव भागात दिसल्या की हाकलायची. ती शिव्या द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताक.

वाडीच्या खालच्या अंगाला, जाळरेषेच्या वाटेला लागूनच, गवताच्या गंज्या रचलेल्या असायच्या. पावसाळ्यात चार महिने जनावरं बाहेर काढता येत नाहीत. तेव्हा त्या गंज्या म्हणजेच सगळं. हिराक्काची गंजी सगळ्यांत मोठी. ती रोज एकदा तिच्याभोवती चक्कर मारायची, निसटलेली पेंढी हातानं आत दाबायची.

शिमग्याच्या तोंडावर शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. शहरातून साहेब आले होते. अभयारण्याच्या आतली वाडी बाहेर न्यायची, खाली सपाटीला जमीन आणि घराला जागा द्यायची, असा प्रस्ताव होता. जबरदस्ती नाही, असं साहेब पुन्हा पुन्हा सांगत होते. तरण्या पोरांना जायचं होतं. त्यांना रस्ता हवा होता, मोबाईलला रेंज हवी होती, लग्नाला मुली मिळायला हव्या होत्या. म्हाताऱ्यांना हलायचं नव्हतं. घराघरांत भांडणं लागली होती. ज्ञानूमामा जाऊ म्हणत होते आणि हिराक्का नाही म्हणत होती.

साहेब म्हणाले, "मावशी, वन्यप्राण्यांना त्यांची जागा मोकळी मिळाली पाहिजे."

"आन् माझ्या नाचणीत येत्यात तवा?" हिराक्का उठून उभी राहिली. "तवा त्यास्नी कोण मीटिंग घेऊन सांगतंय, बाबानू, ही हिराची जागा हाय म्हनून?"

लोक हसले. पण सुरेश हसला नाही. सुरेश तिचा पुतण्या, पंचविशीचा, वाडीचं दूध रोज खाली नेणारा. तो खांबाला टेकून उभा होता. त्याला वाडी सोडायची होती, पण देऊ केलेली जमीन मुरमाड आहे असं कुणीतरी सांगितल्यापासून तो फणफणला होता.

"जंगल हाय म्हनून आमास्नी उठवतासा न्हवं?" तो म्हणाला. "मग जंगलच ऱ्हायलं न्हाय तर?"

व्हरांडा एकदम गप्प झाला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माझे वरिष्ठ, माने साहेब, तेव्हाचे वनपाल, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी सुरेशकडं बघितलं आणि मग सावकाश माझ्याकडं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. पुढचे सगळे दिवस मी तो अर्थ खांद्यावर घेऊन फिरले. सुरेश भेटला की तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायचा. वाडीत शिरले की बोलणी थांबायची. हिराक्कानं ताक देणं बंद केलं नाही, पण ती आता भांडं हातात न देता उंबऱ्यावर ठेवायची.

*

होळी होऊन गेली होती. दुपारची वेळ होती. मी आणि आमचे दोघे हंगामी मजूर दरीतल्या पाणवठ्यातला पाला काढत होतो. वरती शेकरू ओरडत होतं. ते ओरडायचं थांबलं आणि मग मला तो वास आला.

आम्ही वर धावलो. सड्याच्या पश्चिम टोकाला धूर उठला होता, मुळाशी पिवळा आणि वर काळसर. वारा त्याच बाजूनं येत होता. आग दिसत नव्हती. उन्हात ज्वाळा दिसत नाहीत, फक्त पलीकडची झाडं पाण्यात हलल्यासारखी हलतात. मी वायरलेसवर माने साहेबांना कळवलं. आवाज शांत ठेवायचा प्रयत्न करत होते, पण शेवटच्या शब्दाला तो फुटला.

माने साहेब जीपनं आले. बरोबर आणखी चौघं, पाठीवर पाला उडवायची दोन यंत्रं. त्या यंत्रांच्या वाऱ्यानं कडेची आग मागं ढकलता येते. आम्ही ढकलली. एका बाजूनं ती विझत गेली आणि दुसऱ्या बाजूनं, जिथं जाळरेषेवर गवत पुन्हा वाढलं होतं, तिथं ती रेष ओलांडून अलीकडं आली. तो क्षण मी पाहिला. एक वावटळ उठली, पेटती काडी उचलून घेतली आणि काळजीपूर्वक ठेवावी तशी वाळल्या गवतात ठेवली.

आता आगीच्या आणि दरीच्या मध्ये फक्त वाडीची वाट उरली होती. वाट रुंद होती, पायांनी आणि खुरांनी उघडी केलेली. तिथं उभं राहून वाटेच्या पलीकडचं गवत आपणच पेटवायचं, म्हणजे ते येणाऱ्या आगीकडं जळत जाईल आणि दोन्ही आगी एकमेकींना भिडून संपतील, एवढा एकच उपाय होता. माने साहेबांनी तो सांगितला आणि मग आम्ही दोघांनीही एकदमच बघितलं. वाटेच्या पलीकडं वाडीच्या गंज्या उभ्या होत्या.

"पेटव," माने साहेब म्हणाले.

"साहेब, गंज्या."

"दिसतंय मला. दरीत आग गेली तर काय उरेल? पाणवठा, झाडं... अगं, वेळ नाही."

वाडी सगळी वर, वाटेच्या अलीकडच्या गोठ्यांपाशी उभी होती. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. कुणी खाली येत नव्हतं. मी त्या उभ्या माणसांकडं बघितलं आणि मला व्हरांड्यातली ती शांतता आठवली. मग मी ओरडले. माझ्या आवाजात एवढी ताकद आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हिराक्काऽ! गंज्या काढा! लवकर या!"

ती आली. धावत नाही, ताड ताड चालत. तिच्यामागं बाकीचे. ती माझ्यासमोर उभी राहिली. घामानं तिचं कुंकू नाकावर ओघळलं होतं.

"तू लावनार हैस आग?"

"व्हय. तिकडची थांबवायला. आधी गंज्या अलीकडं काढू."

"आन् न्हाय निघाल्या तर? सरकार भरून देईल काय?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेव्हा ते सोयीचंही होतं. मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाय."

तिनं एक क्षण माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि गंजीकडं वळली. "बघत काय हुबा ऱ्हायलासा?" ती वाडीवर ओरडली. "उचला की!"

मग जे झालं ते मला सलग आठवत नाही. आठवतात ते नुसते हात. पेंढ्या उपसणारे, झेलणारे, वाटेपलीकडून अलीकडं फेकणारे. गवताची कुसळं गळ्यात, कानात. माने साहेब वर्दीची टोपी टाकून पेंढ्या ओढत होते. ज्ञानूमामा एका जागी बसून आलेल्या पेंढ्या मागं सरकवत होते. आणि खालच्या घाटवाटेनं सुरेश धावत वर आला, दुधाचे रिकामे कॅन तसेच वाटेत टाकून. त्याच्याकडं माने साहेबांनी बघितलं. त्यानं साहेबांकडं. सुरेशनं माझ्या हातातली पेंढी घेतली आणि फेकली.

आगीचा आवाज आता ऐकू येत होता. मोठ्या पावसासारखा आवाज असतो तो. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, पाऊसच आला.

छोट्या गंज्या निघाल्या. हिराक्काची मोठी अर्धी अजून उभीच होती. माने साहेबांनी मशाल पेटवली. आणि तेवढ्यात पलीकडच्या कारवीच्या झुडपातून एक फुत्कार आला. जोरात नाक शिंकरल्यासारखा.

सगळे थिजले. कारवीत गवे होते. आगीनं त्यांना तिकडून ढकलत आणलं होतं आणि समोर आम्ही, आरडाओरडा करणारी माणसांची भिंत, त्यांच्या दरीच्या वाटेवर. पहिली एक गाय दिसली. काळपट तपकिरी, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तिच्या पोटाशी तांबूस पाडस. तिच्यामागं पाठी हलत होत्या, किती ते कळत नव्हतं.

"पेटवू नका," मी म्हणाले. हळू म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं. "वाट सोडा. दोन्हीकडं व्हा. पळू नका."

माणसं सरकली. पाय न उचलता, घसटत. वाडीची आणि खात्याची अशी वेगळी माणसं आता राहिलीच नव्हती. कोण कुणाच्या शेजारी उभं आहे हे कुणी बघत नव्हतं. मधे एक खिंडार झालं. गाय त्या खिंडाराकडं बघत राहिली. तिला आमचा वास येत होता आणि मागून धुराचा. ज्ञानूमामांना उठता आलं नव्हतं. ते वाटेच्या कडेला होते तिथंच बसून होते, दोन्ही हातांनी आपली ती मांडी धरून. गाईपासून ते दोन-तीन हातांवर असतील. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. हिराक्का माझ्या शेजारी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं. कसं धरलं होतं ते मला दुसऱ्या दिवशी निळं पडलेलं बघून समजलं.

कुणीतरी खोकला दाबला. एक पेटती काडी हवेत तरंगत आली आणि गाईच्या पाठीमागं पडली.

गाय निघाली. आधी चालत, मग एकदम धावत. जमीन हादरली. एकामागून एक काळी अंगं ज्ञानूमामांच्या समोरून धुरळा उडवत दरीत उतरली. शेवटी एक प्रचंड नर आला. तो वाटेच्या मधोमध थांबला. त्यानं डोकं वळवून आमच्याकडं बघितलं, घाई नसल्यासारखं. आग त्याच्यामागं दिसत होती. मग तोही खाली गेला आणि झाडं त्याच्यामागं मिटली.

मशाल माझ्या हातात कुणी दिली ते आठवत नाही. समोर हिराक्काची गंजी होती. मी हिराक्काकडं वळून बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" ती म्हणाली. "पेटीव."

मी पेटवली. गवत आधी कडेनं जळलं, कचरल्यासारखं. मग मोठ्या आगीनं वारा आत ओढून घ्यायला सुरुवात केली आणि आमची आग तिच्याकडं झेपावत गेली. मधे ती गंजी एकदम उजळली. दोन्ही आगी भिडल्या तेव्हा गरगरत एक खांब आकाशात चढला, आणि थोड्या वेळानं तिथं नुसता धूर होता. एके ठिकाणी ठिणगी वाटेअलीकडं पडली. सुरेशनं आणि माने साहेबांनी ती ओल्या डहाळ्यांनी झोडपली. वीस वर्षं नोकरी केलेला माणूस आणि तो पोरगा, दोघं एकाच जागेवर वेड्यासारखे डहाळ्या आपटत होते. विझल्यावरही आपटत होते.

*

उन्हं उतरल्यावर माने साहेबांनी सुरेशला बाजूला घेतलं. मी जवळ गेले. वाडीही जवळ सरकली.

"तू त्या दिवशी बोलला होतास," साहेब म्हणाले.

"बोललो व्हतो. लावला न्हाय." काजळीनं काळ्या झालेल्या त्याच्या चेहऱ्यावर फक्त डोळे दिसत होते. "दूध घालाय गेलतो. गाडीवाल्याला इचारा."

साहेबांनी विचारलं. गाडीवाल्यानं सांगितलं ते सुरेशच्या बाजूचं निघालं. वणवा कुणी लावला, की कुणी नुसती विडी टाकली, हे पुढं कधीच कळलं नाही. चौकशी झाली, कागद पुढं गेले. माने साहेब निवृत्त होण्याआधी एकदा मला म्हणाले, "मी त्या पोराला आत घालायचं मनात ठरवूनच जीपमधून उतरलो होतो." एवढंच म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

पण त्या संध्याकाळी हिराक्का राखेच्या कडेला बसली होती. पावसाळ्यासाठी तिच्याकडं आता जेमतेम अर्धी गंजी उरली होती. तिनं रडावं, मला शिव्या द्याव्यात, असं मला वाटत होतं. ती काहीच करत नव्हती, आणि ते मला बघवत नव्हतं. मी टेकाडावर, जिथं रेंज यायची तिथं, चढून गेले आणि घरी फोन लावला.

"अण्णा, वाडं पायजे."

उसाचे शेंडे, म्हणजे वाडं, हंगामात आमच्याकडं बांधाबांधावर पडलेलं असतं. जनावरं आवडीनं खातात.

"जंगलात वाडं?" अण्णा म्हणाले. "गव्यास्नी घालनार हैस?"

मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मधेच त्यांनी विचारलं, "गवं सगळं गेलं न्हवं पलीकडं? पाडसं?"

"गेली."

"बरं झालं."

तिसऱ्या दिवशी घाटाखाली ट्रॅक्टर आला, मागं ट्रॉली गच्च भरलेली. पुढं बसून अण्णा स्वतः आले होते, धोतराला माती, डोक्याला टॉवेल. वाडी वाडं वाहून न्यायला खाली उतरली. अण्णा हिराक्काला म्हणाले, "हे हिरवं हाय, टिकायचं न्हाय. हे आता घाला. तुमचं वाळलेलं पावसाला राखून ठेवा. आनखी धाडतो." ती म्हणाली, "पावणं, वर या. ताक तरी घ्या." दिवस मावळायला आला होता. अण्णांनी आकाशाकडं बघितलं, जरा घुटमळले, आणि घाईघाईनं वर चढले. तिनं भांडं उंबऱ्यावर ठेवलं नाही. हातात दिलं.

*

वाडी पुढच्या वर्षी उठली. त्या वणव्यामुळं नाही. जमीन बदलून मिळाली, ती बरी होती, पोरांनी घरच्यांना तयार केलं, आणि त्याच पावसाळ्यात झोळीतून नेताना एक बाळंतीण वाटेतच गेली. त्यानंतर म्हाताऱ्यांनीही नाही म्हणणं सोडलं. हिराक्कानंही सही केली. ट्रक निघाला तेव्हा ती मागं, म्हशींच्या पाठीला पाठ लावून बसली होती. मी हात वर केला. तिनं केला नाही.

मग आमचं काम सुरू झालं. माणसं गेली की जागा जंगलाला परत द्यायची असते, आणि तीही हातानंच द्यावी लागते. पत्रे काढायचे, भिंती उतरवायच्या, दगड पसरून टाकायचे, विहिरीला कठडा बांधायचा. ज्या उंबऱ्यावर बसून मी ताक प्याले होते तो पहारीनं मी स्वतः उचकटला. दुसऱ्याला सांगितलं असतं तर झालं असतं. पण दुसऱ्यानं तो काढताना बघणं मला जमलं नसतं. फक्त जांभळाखालचा देव तसाच ठेवला. लोकांनी तशी अट घातली होती. वर्षातून एकदा, खात्याचा माणूस बरोबर घेऊन, पूजेला यायचं.

यंदा वणव्याच्या दिवसांत वर माणूस कमी पडत होता म्हणून मी महिनाभर स्वतःहून तिकडं गेले. अव्वा रागावली. पूजेचा दिवस त्यातच आला. लोक सकाळी गाडीनं येऊन पूजा करून गेले. हिराक्काची एस.टी. चुकली होती, ती उशिरा एकटीच आली, आणि मी तिला देवाकडं घेऊन निघाले. ती आता खूप थकली आहे. ज्ञानूमामा गेले. सुरेशनं खाली घर बांधलंय, पोरगी इंग्रजी शाळेत जाते, हे तिनं चालता चालता सांगितलं. हातात नैवेद्याचं फडकं. वाटेत ती थांबायची, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायची, आणि आजूबाजूला बघून म्हणायची, "लई दाट झालंय की गं." तक्रार आहे की कौतुक, ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

शेवटच्या वळणाला मी तिचा हात धरून थांबवलं.

पुढं, देवाच्या आणि आमच्या मध्ये, गव्याची गाय उभी होती. मागचे पाय अजून चिकट, अंग थरथरणारं. गवतात तिच्यापुढं काहीतरी ओलं, तांबूस हालत होतं. ते उठायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. गाईनं मान वर केली. कान आमच्याकडं वळले. अशा वेळी गाय काय करेल ते कुणी सांगू शकत नाही. मागं सरकायला वाट होती, पण हिराक्काला पळता येणार नव्हतं.

हिराक्का सावकाश खाली बसली. तिनं फडकं सोडलं, पुरणपोळी आणि नारळाची वाटी वळणावरच्या दगडावर ठेवली, जांभळाच्या दिशेनं हात जोडले. डोळे मिटले नाहीत. नजर गाईवरच होती. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली.

"देव एवढ्या जवळ हाय हिराक्का," मी कुजबुजले. "थोडं थांबू. ती जाईल."

"कशापायी थांबायचं? देवाला म्हाईत हाय मी आलोय ते." तिनं मला मागं वळवलं. "चल. बाळंतीण हाय ती, बिचकंल."

आणि आम्ही दोघी, वाळला पाला पायाखाली वाजू नये म्हणून पाय जपून टाकत, आल्या वाटेनं मागं निघालो.